उशिराचा ठोका

ज्योत्स्नानं हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि लॅपटॉप अंकितकडे वळवला.

"तू हात लावला याले?"

पडद्यावर सोळा चौकोनांची रांग होती. ढोलकीच्या एकेका ठोक्याला एक चौकोन. दाबला की पेटायचा, पाळी आली की वाजायचा. लॅपटॉपला जोडलेल्या डबीवर प्रत्येकाचं एक गोल बटण होतं, ते फिरवलं की तेवढाच ठोका जरा मागे रेंगाळे. चौदाव्या ठोक्याचं बटण आता शून्यावर होतं. सकाळी नव्हतं.

तो ठोका तिच्या बाबांचा होता. मधुकरराव हिंगणीच्या भजनी मंडळात जन्मभर ढोलकी वाजवत, आणि त्यांचा हा एक ठोका नेहमी किंचित उशिरा पडे. कडबा कापताना बोट दुखावलं तेव्हापासून असंच आहे, असं ते सांगत. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध. मंडळाला अजून दुसरा ढोलकीवाला मिळालेला नव्हता, म्हणून भजनाला तिनं बनवलेला ठेकाच स्पीकरवर लागणार होता. नुसत्या आठवणीवर, बटण केसाकेसानं फिरवत तिनं तो उशीर शोधला होता. सापडला त्या दिवशी ती ढसाढसा रडली. अंकित, लग्नाच्या साऊंडच्या धंद्यातला तिचा भागीदार, तेवढा नाक मुरडून होता.

"मी नाई लावला," तो म्हणाला.

"तूच म्हणत होता ना, ठोका लेट हाये, लोकं हसतीन."

"म्हटलं. पण तुह्या बाबाच्या ठोक्याले मी काऊन हात लावू?"

"मंग कोणं लावला? भुतानं?"

अंकितनं गाडीची चावी उचलली. दारात तिची आई, सुमित्राबाई, ज्वारी निवडत बसल्या होत्या. "येतो काकू," एवढंच म्हणून तो गेला. इतक्या वर्षांचा दोस्त, आणि तोंडावर खोटं बोलतो, या विचारानं ज्योत्स्नाचं डोकं भणभणत होतं.

"त्याले उगाच बोलली तू," आई म्हणाली. "मी फिरवलं बटन."

"तू? तुले काय समजते यातलं?"

"रोज पाहून राह्यली ना मी. हेच बटन फिरोत होती तू."

"पण काऊन, आई?"

सुमित्राबाईंनी सूप बाजूला सरकवलं.

"मंडळात मोहिनीबाई गाये. ओळ संपली का थे दम घे. तिचा दम पुरा होईस्तोर तुहा बाप हात वर धरून थांबे. साऱ्या गावाले माहीत होतं."

"बाबाचं बोट दुखावलं होतं."

"घरी वाजवे तवा पडे का उशिरा?"

ज्योत्स्नानं आठवून पाहिलं. बाबा ओट्यावर ढोलकी घेऊन बसलेले, ती त्यांच्या मांडीला टेकलेली. ठोका जागच्या जागी पडत होता. दर हिवाळ्यात ती त्या बोटाला कोमट तेल चोळून देई. बाबा डोळे मिटून चोळून घेत. तिला स्वतःच्या हातांचा राग आला.

"उद्या बी मोहिनीबाईच गाणार हाये," आई म्हणाली. "थो गेला तरी त्याचा हात तिच्यासाठी थांबन. अन् थांबवणार कोण, तं माही पोरगी. मी समोर बसून आयकू?"

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "चहा मांडतो," म्हणाली आणि आत गेली.

ठेका फिरून फिरून वाजत होता, सरळ, एकसारखा. ज्योत्स्नानं बटणावर बोट ठेवलं, मग काढून घेतलं. तसाच जतन केला आणि अंकितला फोन लावला.

"तू बरोबर म्हणत होता," ती म्हणाली. "लेटच होता थो ठोका. उद्या सरळच वाजवू."

"अन् तुह्या बाबाचं बोट?" अंकितनं विचारलं.

आत आईनं गॅस बारीक केला.

"चांगलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. "बोट चांगलं होतं त्यायचं."