पेंढ्याचं वासरू

घंटा वाजली आणि शुभांगीनं लताबाईंच्या हातातला घड हिसकावूनच घेतला.

“द्या इकडं, मावशी. तुमचं बघून होईस्तोवर द्राक्षाचा बेदाणा होईल.”

तीन नंबरच्या टेबलावर सहा बायका बसत. त्यातल्या तिघी हसल्या. लताबाईंनी कात्री एकदा उघडली, मिटली आणि क्रेटमधून दुसरा घड उचलला. चंद्रभागा हसली नाही. मागच्या हंगामात हीच शुभांगी याच लताबाईंच्या डब्यातलं भरीत चाटूनपुसून खायची, ही नोंद तिनं मनातल्या मनात शुभांगीच्या पानावर करून ठेवली. चंद्रभागाच्या डोक्यात प्रत्येकाचं एक पान होतं. शाळा चौथीपर्यंतच झाली होती. पण खोटं बोलताना कोण नाक पुसतं, मुकादम दिसला की कोणाची मान वेगानं खाली जाते आणि कोणाची सावकाश, हे त्या पानांवर तारीखवार सापडलं असतं.

निफाडच्या अलीकडचं ते पॅकहाऊस. हंगामात इथून द्राक्षं बोटीनं परदेशी जात. काम बघायला सोपं. घड हातात फिरवायचा, तडकलेला मणी कात्रीनं काढायचा, घड प्लॅस्टिकच्या डबीत बसवायचा, डब्या पेटीत भरायच्या. पण पेटी तीन-तीन आठवडे समुद्रावर असते. आत एक तडकलेला मणी राहून गेला, तर तिकडं उघडणाऱ्याला द्राक्षाऐवजी बुरशी दिसते. तो एक मणी शोधणं म्हणजेच सगळं काम. एकोणीस हंगामांपूर्वी लताबाईंनीच ते चंद्रभागाला शिकवलं होतं. “डोळ्यावर जाऊ नको, पोरी. देठापाशी नाक ने. डोळ्याच्या आधी नाकाला कळतं.”

यंदा कंपनीनं पुण्याहून सार्थक नावाचा साहेब आणला होता. वय अठ्ठावीस, हातात टॅब, बोलणं गोड. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना गोळा करून वर्तनशास्त्र सांगितलं. पेटीत कबूतर ठेवतात, ते एका ठिपक्यावर चोच मारतं, दाणा पडतो. मग ते त्याच ठिपक्यावर चोच मारत राहतं.

“माणूस काय आणि प्राणी काय,” सार्थक म्हणाला, “जे केल्यावर बरं वाटतं ते आपण पुन्हा करतो. वाईट वाटतं ते टाळतो.”

“आन दाणा कोण टाकतं?” चंद्रभागानं विचारलं.

“प्रयोग करणारा.”

“आन त्याला कोण टाकतं?”

सगळ्या खिदळल्या. सार्थकही हसला, आणि तिथंच तो चंद्रभागाला आवडून गेला. त्याच्या पानावर पहिली ओळ पडली: पोरगं वाईट नाय.

दुसऱ्या दिवशी घंटा आली. जे टेबल तासाच्या चाळीस पेट्या आधी भरेल त्याच्या नावानं घंटा वाजायची आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्या टेबलाचा नंबर झळकायचा. संध्याकाळी जे टेबल सगळ्यांत मागं, त्याच्या खांबावर लाल दिवा. आठवड्यात तीन लाल दिवे झाले, की त्या टेबलावरची सगळ्यांत हळू बाई उठायची आणि बाहेर क्रेट धुवायला जायची. टॅबमध्ये सहा जणींचे सहा आकडे होते, त्यामुळे हळू कोण यावर भांडण नव्हतं. बाहेरच्या हौदात क्लोरीनचं पाणी. जानेवारीतल्या निफाडच्या थंडीत त्यात दिवसभर हात घालायचे. लताबाईंचं वय एकसष्ट, आणि त्यांची बोटं आधीच सांध्यांत सुजलेली.

चंद्रभागाला घंटा ऐकून सासरची गाय आठवली. गाईचं वासरू मेलं तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढं उभं केलं होतं. गाय ते चाटायची आणि पान्हा सोडायची. नव्या नवरीला, चंद्रभागाला, त्या गोष्टीचं तेव्हा रडू आलं होतं. आता तिला वाटत होतं, शास्त्र जुनंच आहे, टॅब तेवढा नवा.

घंटेनं काम झालं, हे कबूल करायला हवं. बायका पाणी पिईनात, कारण पाणी प्यालं की उठावं लागतं. पोरीला पहिल्यांदा न्हाण आलं हे सांगायला एक जण तोंड उघडत होती, ती मध्येच गप्प झाली. सोमवारी तीन नंबरवर लाल दिवा लागला. मंगळवारी पुन्हा लागला. आणि बुधवारी सकाळी शुभांगीनं घड हिसकावला.

दुपारी शेडमागच्या सावलीत डबे उघडले. लताबाई जरा लांब, एकट्याच बसल्या.

“एक दिवा राह्यला,” शुभांगी हळूच चंद्रभागाला म्हणाली. “काकू, तुम्हीच सांगा ना त्यांना. आपल्याहून उठल्या तर बरं दिसंल.”

“बरं कोणाला दिसंल?”

“तसं नाय. पण पाच जणींनी एकीपायी किती सोसायचं?”

“एकीपायी,” चंद्रभागा म्हणाली. “महिन्यापूर्वी आपण सहा होतो. आता पाच आन एक झालो. हे घंटेनं केलं का लताबाईनं?”

तृप्ती, टेबलावरची सगळ्यांत लहान, भाकरीचा तुकडा तसाच धरून बसली.

“मी आठ दिवस साहेबाकडं बघून राह्यले,” चंद्रभागानं सांगितलं. “घंटा वाजली की तो तिकडं पळतो. त्याच्या टॅबवर आकडा वर गेला की कान लाल होतात. बारा वाजता पुण्याहून फोन येतो, तोवर त्याला चहा गोड लागत नाय. त्याची बी घंटा हाय, बाई. फक्त ती पुण्यात वाजते.”

“मग?”

“मग दाणा आपल्या हातात हाय. आकडा म्हंजे त्याचा दाणा. तो लताबाईच्या पाठीमागं उभा राह्यला की चारी टेबलांनी झपाट्यानं हात उचलायचे. दिव्याच्या खांबापाशी गेला की सैल सोडायचे. दुसरं काय बी करायचं नाय. बोलायचं नाय, हसायचं नाय. तृप्ते, तू तर मुळीच हसायचं नाय.”

“आन घाईत मणी राह्यला तर?”

“घाईतल्या पेट्यांची चिठ्ठी उलटी लावायची. बाजूला ठेवून मागून पुन्हा तपासू. माल नासवायचा नाय. भांडण मालाशी नाय आपलं.”

एक नंबरची आशा चंद्रभागाच्याच गावची. तिनं बाकी टेबलांना पटवलं. लाल दिवाही वाटून घेतला. बुधवारी एक नंबर, गुरुवारी दोन, शुक्रवारी चार.

पहिल्या दुपारी सार्थक सहज फिरत लताबाईंच्या मागं आला. तेवीस जोडी हातांनी एकदम वेग घेतला. घंटा वाजली, लगेच दुसरी वाजली. तो दचकला. टॅबकडं बघितलं. खांबापाशी गेला, तर आकडा घसरला. परत फिरला, तर आकडा चढला. तृप्तीनं हसू दाबायला ओठ इतका चावला की संध्याकाळी सुजला.

गुरुवारी तो लताबाईंच्या मागं अर्धा अर्धा तास उभा राहू लागला. शुक्रवारी सकाळी त्यानं तिथं स्टूल आणून ठेवलं. बसल्या बसल्या करायला काही नाही, म्हणून लताबाईंचे हात बघू लागला.

“आजी, तुम्ही वास का घेता?”

“जेवताना नाक बंद करून जेवता का तुम्ही?” लताबाईंनी मान वर न करता विचारलं. त्यांना बेत कोणी सांगितला नव्हता.

शनिवारी सकाळी सार्थकनं पुन्हा सगळ्यांना गोळा केलं. चेहरा उजळलेला. तीन दिवसांत वेग चाळीसवरून पन्नासवर गेला होता. पुण्याला त्याचं कौतुक झालं होतं.

“आणि का गेला तेही मला सापडलंय,” तो म्हणाला. “लताबाई. त्यांच्याभोवती सगळ्यांचा वेग वाढतो. आदर्श समोर असला की माणसं तसं वागतात. म्हणून त्यांची खुर्ची सोमवारपासून मधोमध. त्यांना कोणीही उठवणार नाही.”

शुभांगीनं चंद्रभागाला कोपर मारलं. जिंकलो.

“आणि सोमवारपासून चाळीसच्या जागी पन्नास. तुम्हीच दाखवून दिलंत की जमतं.”

चार टेबलांवरच्या सगळ्या नजरा चंद्रभागावर आल्या. गप्प बसलं, तर लताबाईंची खुर्ची वाचत होती आणि चोवीस बायकांच्या मानेवर दहा पेट्या चढत होत्या. तोंड उघडलं, तर उलटं.

चंद्रभागानं डोक्यावरची जाळी नीट केली आणि उभी राहिली.

“साहेब, तो आकडा खोटा हाय.”

“खोटा कसा? मी स्वतः मोजलाय.”

“मोजणी खरी हाय. पण ती आमची नाय, तुमची हाय.” तिनं सगळं सांगितलं. कुठं उभं राहिल्यावर हात उचलायचे, कुठं सोडायचे. “तीन दिवसांत तुमचे पाय कुठं जायला लागले ते बघा. स्टूल कोणी आणायला सांगितलं होतं तुम्हाला?”

सार्थकनं स्टुलाकडं बघितलं. कान लाल झाले. या वेळी आकडा न चढता.

“म्हणजे मी…”

“कबूतर,” तृप्ती म्हणाली, आणि तीन दिवसांचं हसू एकदाच बाहेर पडलं. सगळी शेड हसली. सार्थक हसला नाही. पण तो हुशार होता, आणि हुशार माणूस पडला तरी हातात काहीतरी धरतो.

“ठीक आहे. पण पेट्या तर खऱ्या भरल्या ना? मग पन्नास जमतात, हे सिद्धच झालं.”

“तृप्ते, आण त्या.”

उलट्या चिठ्ठीच्या, तपासायच्या राहिलेल्या दहा पेट्या टेबलावर आल्या. चंद्रभागानं त्या लताबाईंपुढं सरकवल्या. लताबाईंनी चष्मा काढून ठेवला. घड उचलायचा, फिरवायचा, देठापाशी नाक न्यायचं. कोणी घाई केली नाही. दहातल्या चार पेट्यांत मणी निघाला. देठाआड दडलेला, केसाएवढी चीर पडलेला. चार मणी त्यांनी सार्थकच्या टॅबवर ओळीनं ठेवले.

“ह्ये पन्नासचे,” त्या म्हणाल्या.

मण्यांचा रस काचेवर पसरत होता. सार्थकनं तो पुसला नाही.

“आमच्याकडं गाय होती,” चंद्रभागा म्हणाली. “वासरू मेलं तर पेंढ्याचं करून उभं केलं. आठ दिवस चाटलं तिनं, दूध दिलं. नवव्या दिवशी शिवण उसवली, पेंढा बाहेर आला. गाईनं वास घेतला आन शांतपणे तो पेंढा खाऊन टाकला.”

“आणि दूध?”

“लाथ घातली बादलीला.”

मग सार्थक हळू आवाजात म्हणाला, “पन्नासचं मी पुण्याला कळवतो. ते होणार नाही. पण दिव्याचा नियम माझ्या हातात नाही. आज तुम्ही या पेट्या पुन्हा तपासत बसलात तर संध्याकाळी तीन नंबर मागं राहणार. तिसरा दिवा.”

“लावा ना.”

“आणि टॅबमध्ये सगळ्यांत हळू…”

“तुमच्या टॅबमध्ये कोणी बी असंल. या टेबलाचा हिशोब आमच्याकडं हाय.”

संध्याकाळी दिवा लागला. लताबाई कात्री पदराला पुसून उठायला लागल्या, तर चंद्रभागानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

“बसा. मुकाट्यानं बसा. मला डोळ्यानं दिसत नाय, नाकाला सर्दी झालीय, आन बोलण्यात तर माझा दिवस जातो. माझ्याहून हळू कोण हाय इथं?”

“चंद्रे, हात सडतील तुझे.”

“तुमचे काय नवे येणार होते?”

सार्थकनं टॅबवर बोट ठेवलं, उचललं, आणि शेवटी काहीच न लिहिता तो बंद केला.

सोमवारी सकाळी पाण्यावरून वाफा निघत होत्या. दुपारपर्यंत चंद्रभागाच्या बोटांची टोकं पांढरी पडली, नखांच्या कडा झोंबू लागल्या. तिनं एकशे सत्तर क्रेट धुतले होते. तेवढ्यात शेजारी कोणीतरी ब्रश उचलला. शुभांगी होती.

“उद्या मी येते इथं,” ती हौदाकडं बघत म्हणाली. “परवा तृप्ती. आम्ही नंबर लावलेत.”

“आन लताबाई?”

“त्यांना नंबर दिला नाय.” शुभांगीनं नाक पुसलं. चंद्रभागानं ते बघितलं, पण या खेपेला खोटं म्हणून लिहिलं नाही. थंडीनं पाणी आलं होतं. पानावर भरिताची जुनी ओळ होती, ती मात्र तिनं खोडली.

आत घंटा वाजली. दारावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमधून शेडचा मधला भाग दिसत होता. कोणत्या टेबलाची घंटा होती कोण जाणे. एकाही बाईनं मान वर केली नाही. एकीनं तर उठून सावकाश पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

सार्थक खांबापाशी उभा होता. तिथून तो निघाला, दोन टेबलं ओलांडली आणि लताबाईंच्या मागं येऊन थांबला. आता तिथं आकडा चढत नव्हता. ते त्यालाही ठाऊक होतं. लताबाईंनी न बघताच पायानं स्टूल मागं सरकवलं आणि खांद्यावरून एक घड त्याच्या हातात दिला.

त्यानं स्टुलावर बसून टॅब मांडीखाली ठेवला. घड फिरवला. मग इकडंतिकडं बघून देठापाशी नाक नेलं.

चंद्रभागानं हात पुन्हा पाण्यात घातले.