समारंभातली स्कार्फवाली

विक्कीच्या डोक्यावरची काळी टोपी पुन्हा घसरली म्हणून रंजीता स्टेजजवळ गेली, आणि वळताना तिला ती बाई दिसली. शेवटच्या रांगेत, भिंतीला चिकटून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसलेली. एप्रिलच्या उन्हात चंद्रपुरातली प्रत्येक बाई असाच स्कार्फ बांधून गाडी चालवते. पण हॉलमध्ये दोन कूलर धडधडत असताना कोण कशाला तोंड झाकून बसेल?

केजी-टूच्या पोरांचा पदवीदान समारंभ होता. मॅडम नाव पुकारायच्या, काळ्या गाऊनमधलं पोरगं अडखळत जाऊन रिबीन बांधलेली गुंडाळी घ्यायचं, आणि आईबाप मोबाइल घेऊन पुढे धावायचे. स्कार्फवाली जागची हलली नाही. विक्कीचं नाव आलं तशी मात्र ताडकन उभी राहिली. फोटो काढले, काढतच राहिली. रंजीताने पाहिलं, तेव्हा मोबाइल झटकन पदराआड गेला.

रंजीता जागेवर परतली. "ते कोनाची आई आहे वो?" तिने शेजारच्या संघप्रियाला विचारलं.

"असंन कोनाची तरी. काऊन?"

"विक्कीचेच फोटो काढून राह्यली."

"पोरं पळवनाऱ्याइचा मेसेज आलता ना ग्रुपवर," संघप्रिया हळूच म्हणाली. "लक्ष ठेव बाई."

तेवढ्यात बाई उठून दाराकडे निघाली. विक्कीला संघप्रियाकडे सोपवून रंजीता धावली आणि चपलांच्या ढिगापाशी तिने तिचं मनगट धरलं. "मोबाइल दाखवा."

बाईने मुकाट्याने दाखवला. गाऊनमधला विक्की, जांभई देणारा विक्की, टोपी सावरणारा विक्की. दुसरं एकही पोर नाही.

"कोन तुमी? कोनं पाठवलं तुमाले?"

बाईने स्कार्फ सोडला. विक्कीसारखीच रुंद जिवणी, हनुवटीवर तशीच खळी. "मी दुर्गा," ती म्हणाली.

रंजीताची पकड ढिली झाली. विक्की तिच्या पोटचा नव्हता. ती लग्न होऊन ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा तो नुकता चालायला लागला होता आणि आठवडाभरात तिला मम्मी म्हणू लागला होता. पहिली बायको दुर्गा लेकराला टाकून मूल गावी माहेरी गेली, पुन्हा विचारलंही नाही, असं नवऱ्याने, आदेशने सांगितलं होतं. सासूनेही तेच सांगितलं. या न पाहिलेल्या बाईचा रंजीताने मनापासून राग केला होता.

"आता काऊन आल्या? नेयाले आल्या त्याले?"

"नाई वो ताई. चौकातल्या शाळेच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो न् नाव दिसलं बसमधून. मी बिमार होती तवा मले माहेरी धाडलं यायनं. बरी होऊन आली, तं दारातूनच वापस लावलं. फोन करो, तं नंबरच बदललेला."

नंबर बदलला होता खरा. कंपन्यांचे फोन फार येतात, असं आदेश म्हणाला होता.

कोण खोटं बोलतंय? रंजीताला समोरच्या बाईवर विश्वास ठेवायचा नव्हता. पण आता घरच्या माणसावरही ठेवता येईना. गेटमधून आदेश येताना दिसला. ड्यूटीवरून थेट आला होता, हेल्मेट हातात. दुर्गाला पाहून तो थबकला आणि दोघींकडे न पाहता खाली बघत उभा राहिला.

"हे दुर्गा म्हन्ते, बरी होऊन घरी आली होती. खरं आहे काय?" रंजीताने विचारलं.

"घरी चाल, मंग बोलू."

"नाई. इथीच सांगा."

"आई म्हनली, दारातूनच वापस लाव, म्हंजे पोराची तिची सवय मोडन..." एवढंच तो बोलला.

रंजीताने विक्कीला आणलं, दुर्गाशेजारी उभं केलं आणि तिच्याच मोबाइलने फोटो काढला. "हे कोन आहे मम्मी?" विक्कीने विचारलं. रंजीताने त्याची टोपी सरळ केली. दुर्गाच म्हणाली, "मावशी."

पुढच्या रविवारी रंजीता आदेशला न विचारता, दुर्गाला फोनवर कळवून, विक्कीला घेऊन मूलच्या बसमध्ये बसली. अख्ख्या वाटेत तिने त्याचा हात सोडला नाही. स्टँडवर दुर्गा कुरमुऱ्यांची पुडी घेऊन उभी होती. तिच्यासोबत आणखी कोणी आहे का, कुठे गाडी उभी आहे का, हे रंजीताने आधी खिडकीतून नीट पाहून घेतलं. कोणी नव्हतं. मग ती उतरली.