नव्व्याण्णव नंबरचं फोल्डर

मी सिद्धोधनच्या गाडीतला पेन ड्राइव्ह बोलतोय. एरवी पोटात जे भरून दिलं ते मुकाट वाजवायचं, एवढंच माझं काम. पण मागच्या महिन्यात त्या गाडीत जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय ती उतरणार नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. समज आली ती परभणीच्या एका मोबाइलच्या दुकानात, काउंटरच्या काचेखाली. तिथून मला रोहिणीनं उचललं. रोहिणी सिद्धोधनची धाकटी बहीण, मानवतला सासरी असते. भावानं जुनी का होईना, चारचाकी घेतली याचा तिला कोण आनंद. ती मला आधी माहेरी घेऊन गेली, जिंतूर रस्त्यावरच्या त्यांच्या खेड्यात. माझ्या रिकाम्या पोटात पहिला घास पडला तो तिथं, तिच्या वडिलांच्या गाण्यांचा.

वडील म्हणजे सटवाजी. उमेदीत त्यांची गायनपार्टी होती. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरी बारसं असलं तरी पेटी-ढोलकी घेऊन मंडळी गावोगाव जायची. गाणी सटवाजी स्वतः रचायचे आणि रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. रोहिणीनं त्यांना अंगणात बसवून ती मोबाइलवर भरून घेतली होती. आवाज थकलेला, पण मोकळा. मागं शेळी ओरडते, मधेच कुणी "चहा ठेवू का" विचारतं, ते सगळं माझ्यात आहे.

"दादा, गाडीत लावत जा," म्हणून तिनं मला भावाच्या हातात दिलं.

सिद्धोधन परभणीत एका कॉलेजात शिकवतो. माणूस वाईट नाही. गाण्याचं वेड त्याला बापाकडूनच आलं, फक्त शहरात आल्यावर त्या वेडाला इस्त्री झाली. तो एका संगीत मंडळात जाऊ लागला. मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव वयानं मोठे, जाणकार. त्यांनी सिद्धोधनच्या एखाद्या बोलण्यावर मान डोलावली की तो दिवसभर खुशीत असायचा.

एका रविवारी त्यानं मला लॅपटॉपला लावलं आणि सफाई काढली. घरातलं कपाट आवरायला माणसं टाळाटाळ करतात, असली आवराआवर मात्र जेवणखाण विसरून करतात. एकेका गाण्याच्या चार-चार प्रती, नावाऐवजी नुसते आकडे, हे सगळं त्यानं बाहेर काढलं, निवडलं, नावं दिली आणि परत भरलं. एक नंबरला सकाळचे राग, दोनला संध्याकाळचे, मग सतार-बासरी, मग गझला. वडिलांच्या फोल्डराला त्यानं हात लावला नाही. नुसता त्याच्या नावाआधी नव्व्याण्णव आकडा टाकला, म्हणजे गाडीत चारचौघं असताना तिथवर पाळी यायला नको. पुसूनही टाकलं नाही, कारण गावाकडून एकटा परतताना तो तेच ऐकायचा. काचा वर करायचा आणि स्टिअरिंगवर ठेका धरायचा. मला तो ठेका आवडायचा, पण त्या वर केलेल्या काचांचं वाईट वाटायचं.

एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. गाडीतला प्लेअर जुना, त्याला आकड्यांचं काही कळत नाही. माझ्यात जे आधी भरलेलं असतं तेच तो आधी वाजवतो. बाकी सगळी गाणी त्यानं काढून नव्यानं भरली होती. जागचे हलले नव्हते ते एकटे सटवाजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजींना गावी सोडायचं होतं. डोळे तपासायला ते परभणीला आले होते. दिनकररावांनाही त्याच वाटेनं जिंतूरला भाचीकडे जायचं होतं. त्यांचं घर जवळ आलं तसा सिद्धोधन म्हणाला, "बाबा, जरा मागं बसता का?"

"बसतो की," सटवाजी म्हणाले. "मागं पाय लांबवता येत्यात."

दिनकरराव पुढं बसले, मागं वळून हसले. "हे कोण?"

"गावाकडचे आहेत सर. वाटेत सोडायचंय."

सटवाजींनी हात जोडले आणि खिडकीबाहेर बघू लागले. वाक्य तसं खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

"सर, कलेक्शन आवरलंय सगळं. सकाळचं काहीतरी ऐकू," म्हणत सिद्धोधननं प्लेअर चालू केला.

आणि शेळी ओरडली. मागोमाग ढोलकी, मग सटवाजींचा आवाज: "चिखलाची वाट तुडवीत, लेकरू शाळेला गेलं."

सिद्धोधननं घाईनं पुढचं गाणं लावायला बोट नेलं. दिनकररावांनी त्याचा हात धरला. "राहू द्या हो. केवढा मोकळा आवाज आहे. कोण गातंय?"

आता सांगेल, असं मला वाटलं. बाप मागं, हातभर अंतरावर बसलेला.

"काय की सर. दुकानातून भरून आणलं होतं, त्यात आलं असेल कुणाचंतरी."

वाजणं थांबवणं माझ्या हातात असतं तर मी तिथंच थांबलो असतो. पण गाणं पुढं सरकत राहिलं आणि शेवटच्या कडव्याला आलं: "सटवाजी सांगे चारचौघांत, माझं लेकरू सायेब झालं."

"सटवाजी!" दिनकररावांनी नाव पकडलं. ते मागं वळले. "काका, गाण्याच्या बोलीवरून तर हे तुमच्याच भागातले वाटतात. ऐकलंय का हे नाव? आणि तुमचं नाव काय म्हणालात?"

आरशात सिद्धोधनचे डोळे दिसत होते. सटवाजींनी त्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं.

"मी सिताराम," ते म्हणाले. सिताराम हे त्यांच्या थोरल्या भावाचं नाव. "सटवाजी हाय आमच्याकडं एक. गातो बरा. त्याच्या पोरालाबी गाण्याचं लय वेड हाय."

"मग भेटवा की एकदा. आमच्या मंडळात गायला बोलावू."

"तो न्हाई यायचा. लाजतो."

सटवाजींची राहिलेली गाणी मी एकामागून एक वाजवत राहिलो. बंद करायला सिद्धोधननं पुन्हा हात उचलला नाही. फाट्यावर गाडी थांबली. सटवाजी पिशवी घेऊन उतरले, पुढच्या काचेपाशी आले आणि मुलाला म्हणाले, "येतो सायेब. लय उपकार झाले."

संध्याकाळी सिद्धोधन त्याच रस्त्यानं एकटा परतला. फाट्यावर त्यानं गाडी हळू केली, आत वळवली मात्र नाही. घरी आल्यावर मला उपसलं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. तेव्हापासून मी तिथंच आहे, जुन्या पावत्या आणि सुकलेल्या बडीशेपेच्या पुडीसोबत. एवढा नीट आवरून ठेवलेला मी, पण मला कुणी लावत नाही. गाडी हल्ली मुकीच चालते.

दिनकरराव मात्र तो आवाज विसरले नाहीत. त्या सटवाजींना शोधाच, मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना गायला बसवू, म्हणून त्यांनी सारखा लकडा लावलाय. शेवटी आज कॉलेज सुटल्यावर सिद्धोधन गाडीत येऊन बसला आणि त्यानं वडिलांना फोन लावला. फोनचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, त्यामुळे कप्प्यात मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, दिनकरराव सर तुमाला गायला बोलवायलेत. पुढच्या रविवारी."

पलीकडून सटवाजींचा नेहमीचाच आवाज आला. "येतो की. मोठी माणसं बोलवायलेत, न्हाई कसं म्हणावं? पेटीचा भाता तेवढा बघून घेतो." मग म्हणाले, "पण सिदू, एक सांग. तिथं कोण म्हणून येऊ? सटवाजी म्हणून, का सिताराम म्हणून?"

रागानं नव्हतं विचारलं. सदरा कोणता घालून येऊ, असं विचारावं तसं विचारलं.

सिद्धोधननं कपाळ स्टिअरिंगवर टेकलंय. फोन अजून चालू आहे, पलीकडं म्हातारा उत्तरासाठी थांबलाय. लेकाच्या वतीनं मला उत्तर देता आलं असतं तर कधीच दिलं असतं. सिद्धोधन, बाबा रे, तोंड उघड. ते फोन ठेवायच्या आत काहीतरी बोल.