दोन्ही प्लग एकदम मरत नाहीत

आमच्या ह्यांना नकार द्यायला निमित्त हवं होतं, आणि कुंदनच्या बोटीनं ते आयतं हातात ठेवलं.

आमच्या योगितानं लग्न करीन तर कुंदनशीच, असं ठरवून टाकलं होतं. मुलगा आपल्याच अमळनेरकडचा, निर्व्यसनी, तापीत स्वतःची बोट चालवतो. मला पसंत. ह्यांना नाही. बमरोलीच्या लूम खात्यांत, कापडाच्या यंत्रमागांवर, तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला पाण्यावरचा धंदा हा धंदाच वाटत नाही. महिनाभर घरात धुसफूस झाली, तेव्हा कुठे म्हणाले, "रविवारी बोटीत फिरवून दाखव म्हणा त्याला. मग बघू."

रविवारी अकराला उधन्याच्या घरून रिक्षानं तापीच्या काठावर पोचलो. बोट धुऊन लख्ख, इंजिनाला झेंडूचा हार, कुंदन इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आणि त्याची आई धुरपदाबाई पेढ्यांचा डबा घेऊन हजर. आम्ही बसलो. कुंदननं इंजिनाची दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. दहा वेळा ओढली. शर्ट पाठीला चिकटला, तरी इंजिन ढिम्म. योगिता मान खाली घालून पाण्याकडे बघत राहिली. मला तर रडूच यायला लागलं. आणि आमचे हे? मुलीचा बाप असून वरपक्षासारखे गुडघ्यावर हात ठेवून बसलेले!

पण ह्यांना एक जुना आजार आहे. बंद पडलेलं मशीन बघवत नाही. अकराव्यांदा दोरी ओढली गेली तसे हे उठलेच. "सरक जराखा."

एक प्लग काढला, हुंगला. ओला होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. आता ठिणगी बघायची. प्लग पकडीत धरून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. पण डोक्यावर ऊन असं की वीज पडली तरी दिसली नसती.

"कमल, पदर दे."

मी पदर पसरला आणि आम्ही दोघांनी त्याखाली डोकी घातली. कुंदननं दोरी ओढली. अंधार. परत ओढली. अंधारच. दुसरा प्लग लावला, तोही तसाच. काठावरून कुणीतरी शिट्टी मारली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण चारचौघांत एका पदराखाली शिरायची ही पहिलीच वेळ, आणि तीही प्लग बघायला! मला हसू आवरेना.

"हसू नको. पदर हालस."

कुंदननं डब्यातले नवे प्लग दिले. तेही मेलेले. हे स्वतःशीच पुटपुटले, "दोन्ही प्लग एकदम मरत नहीत. हाई मशीन बिघडेल नही. थांबाडेल शे."

लूमवाल्यालाच असं सुचायचं. मागावर ताण्याचा एक धागा तुटला की त्यावर लटकलेली पत्र्याची पट्टी खाली पडते आणि अख्खा माग जागच्या जागी थांबतो. माग बिघडलेला नसतो, कापड खराब होऊ नये म्हणून थांबलेला असतो. तेव्हा हे बोटानं वायर चाचपत निघाले ते थेट एका लाल बटणापाशी पोचले. तिथं थांबले. आणि कान खाजवायला लागले.

हा कान मी ओळखते. दोष सापडला होता. पण तोंडातून शब्द नाही! हे समोरच्या काठाकडे बघत उभे. माझ्या लक्षात आलं की हे पाच मिनिटं गप्प बसले तर बोटही बंद आणि सोयरीकही बंद. मी दंडाला असा चिमटा काढला की हे कळवळले.

"आठली लाल दोरी कोठे गई?" शेवटी बटणाखाली बोट दाखवत विचारलंच.

धुरपदाबाई मोठ्या कौतुकानं पुढे झाल्या. "जुनी व्हती, भाऊ, मळेल. सकाळे पूजा करी तवय मी काढी टाकी आनि नवा लाल नाडा बांधा. जुनी निर्माल्यासंगे तापीमायले वाही दिनी."

कुंदननं कपाळावर हात मारला. त्या दोरीची चिमटी बटणाखाली बसते, दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. चिमटी निघाली की बटण आत जातं आणि ठिणगी बंद. पण लाल दोरीच्या जागी लालच नाडा, त्यात होणारा सासरा समोर बसलेला. पोराच्या लक्षात यावं कसं?

ह्यांनी पकड उघडली. "सोपं आहे. बटणाची वायर कापतो, इंजिन लगेच सुरू. दोरीचं झंझटच नको."

मला हायसं वाटलं. कुंदननं मात्र वायरीवर हात ठेवला.

"नको काका. मी पाण्यात पडलो तर इंजिन तिथंच बंद पडायला पाहिजे, नाहीतर बोट तुम्हा सगळ्यांना घेऊन भरकटेल. राहू द्या आज. तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल, पण दोरीशिवाय मी योगिताला फिरवणार नाही."

ह्यांना हेच ऐकायचं होतं. कापड जास्त निघावं म्हणून काही शेठ मागावरची ती पट्टी बांधून ठेवायला लावतात. त्यावरून ह्यांनी दोन नोकऱ्या सोडल्या, आणि दोन्ही वेळा मी ह्यांना नाही नाही ते बोलले होते.

पकड खिशात गेली. ह्यांनी धुरपदाबाईंचा नाडा सोडला, बटणाखाली गुंडाळला, ओढला की सुटेल अशी गाठ मारली आणि दुसरं टोक स्वतःच्या हातानं कुंदनच्या मनगटाला बांधलं. योगितानं माझा हात घट्ट धरला.

"इंजिनासाठी बांधतोय," हे गुरकावले. "दुसरं काही समजू नको."

कुंदननं दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि इंजिन असं गरजलं की हारातली फुलं उडाली. काठावर टाळ्या पडल्या. लूमवाल्यांची सवय अशी की मशीन चालू असलं की कानाशी तोंड नेऊन बोंबलूनच बोलायचं. हे माझ्या कानाशी वाकले. नेमकं त्याच क्षणी, गाठ नीट सुटते का ते बघायला कुंदननं मनगटाला हिसका दिला. इंजिन गप्प झालं, आणि शांत तापीवर ह्यांचा आवाज या काठापासून त्या काठापर्यंत गेला:

"पोऱ्या चांगला शे! दी टाकू योगिताले! पन आते सांगू नको त्याले, जराखं घाबरू दे!"