कॉम्प्युटर बंद करू नका

"ताई, वायर उपट!"

"कुठली?"

"भिंतीतली! कॉम्प्युटरची! आत्ताच्या आत्ता!"

"कशी उपटू? त्यावर लिहिलंय ना, अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. तेवीस टक्के झालंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॅक्सी सिग्नलला अडकलेली, पुढे एक ट्रक आडवा, आणि माझी सख्खी मोठी बहीण तिकडे टक्के मोजत बसलेली.

"चोवीस," ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आभाळ कोसळलं. सांगते. माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, पोहायला शिकवायचे. तीस वर्षं तलावाच्या काठावर उभं राहून ओरडले. शिट्टी कधी वापरली नाही, गरजच पडली नाही. घरीही तोच आवाज. बाहेरच्या खोलीतून "अगं!" म्हणाले की आतली भांडी वाजायची, आणि ताई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "आले हो, घर डोक्यावर घेऊ नका." तीस वर्षं दोघांचं हे असंच चाललेलं.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. हातात तीन आठवडे होते. मी माईक आणून दिला. भावजी रोज ताई बाजारात गेली की बाहेरच्या खोलीचं दार लावून कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि वाक्यं बोलून ठेवायचे. 'चहा दे.' 'पंखा बंद कर.' 'कोण आलंय?' 'कोपर वर, अरे कोपर वर!' अशी तीनशे बारा वाक्यं, प्रत्येकाची वेगळी फाइल. आता त्यांच्या गळ्याला भोक आहे, हातात एक पांढरी पाटी आणि मार्कर आहे, आणि त्यांचा आवाज बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे. यादी समोर ठेवायची, हवं ते वाक्य निवडायचं, की स्पीकरमधून भावजी बोलतात.

फक्त एका गोष्टीवरून ताई मनातून धुमसत होती. तीनशे बारा वाक्यांत 'अगं' नव्हतं. तिने यादी दोनदा शोधली होती. "पंख्याला हाक आहे, चहाला आहे, त्या पोहणाऱ्या पोरांना आहे. मला नाही," असं ती मला प्रत्येक भेटीत ऐकवायची. त्यांना मात्र एकदाही विचारलं नाही. मानी आहे. नुसतं 'चहा दे' ऐकलं की कप असा आदळायची की बशीला तडा जावा.

तर आज ही तीनशे बारा वाक्यं पुसली गेली होती. आणि कोणामुळे? माझ्यामुळे. पुसलेल्या फायली शोधून देणं हा माझा धंदा आहे बरं का. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'कॉपी ठेवा, झोप शांत लागेल.' भावजींच्या आवाजाची कॉपी ठेवायला आणलेला पेन ड्राइव्ह मी एका गिऱ्हाइकाला वापरायला दिला आणि विसरले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

इथेच थांबले असते तर मी कसली. सकाळी ताईचा फोन आला, मशीन फार हळू चालतंय. दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, "नको ते काढून टाक." फायली काढल्याने ते मशीन पळायला लागणार नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मला फोन ठेवायचा होता, बस्स.

आणि ताईला 'काढून टाक' म्हणणं म्हणजे काय, तर तिच्या घरात एका कामाच्या दोन वस्तू राहूच शकत नाहीत. दोन चाळण्या दिसल्या की एक शेजारी जाते. तिला 'आवाज' नावाचे दोन फोल्डर दिसले. एक आत खरा, सगळ्या फायली पोटात घेऊन बसलेला. दुसरा समोरच स्क्रीनवर, तो मी भावजींच्या सोयीसाठी केलेला शॉर्टकट. शॉर्टकट म्हणजे नुसता पत्ता. त्यात आवाज-बिवाज काही नसतो, खरा फोल्डर कुठे आहे तेवढं लिहिलेलं असतं. मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. ताईने पत्ता ठेवला आणि घर टाकून दिलं. वर कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली, कारण कचरा घरात ठेवायचा नाही.

भावजींनी शॉर्टकट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मग ताईने मशीन बंद करून चालू केलं. "तूच म्हणतेस ना, बंद करून चालू केलं की निम्मे आजार जातात." म्हणते खरी! आणि ते चालू होताना महिनाभर टाळलेलं अपडेट सुरू झालं. तेव्हा कुठे तिने मला फोन केला आणि मी टॅक्सी धरली.

"सत्तावीस," फोनमधून आवाज आला.

"ताई, नीट ऐक. फाइल पुसली म्हणजे लगेच नाहीशी होत नाही. सोसायटीच्या वॉचमनने वहीतून नाव खोडलं, तरी खोलीतलं सामान तसंच पडलेलं असतं ना? तसं आहे. भावजींचा आवाज अजून तिथेच आहे. पण वहीत आता खोली रिकामी आहे असं लिहिलंय. हे अपडेट नवं सामान घेऊन आलंय आणि मिळेल त्या रिकाम्या खोलीत टाकत सुटलंय. प्रत्येक टक्क्याला त्यांचं एखादं वाक्य चिरडलं जातंय!"

ताई बारीक आवाजात म्हणाली, "पण बंद करू नका असं स्पष्ट लिहिलंय. मशीन बिघडलं तर? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं तुझं?"

"बिघडू दे! मशीनमधली सिस्टीम पुन्हा टाकता येते. भावजींचा घसा पुन्हा टाकता येतो का?"

हे मी फार मोठ्याने बोलले. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवायचा थांबवला. फोन स्पीकरवर होता, हे मला नंतर कळलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ताई "अहो, अहो, थांबा" म्हणाली, काहीतरी धाडकन पडलं, आणि मशीनचा जुन्या पंख्यासारखा घरघराट एकदम बंद झाला.

"त्यांनी उपटली," ताई म्हणाली. "एकतीसवर."

मी पोचले तेव्हा भावजी टेबलाखालीच बसले होते, वायर मुठीत घेऊन. मला बघून त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आहे का?' मी म्हटलं, बघू. त्यांनी तेच दोन शब्द पुन्हा गिरवले, जाड केले. ताई दाराशी उभी राहून पदराचं टोक पिळत होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, आणि तिला वाटत होतं मी रागाने बघत नाही.

"ताई, तुझं काही चुकलं नाही. चूक माझी आहे."

"तू गप्प बस आणि काम कर," ती म्हणाली.

मी डिस्क काढून दुकानात नेली. एक नशीब, ती जुनी, फिरणाऱ्या तबकडीची होती. नव्या डिस्का पुसलेली जागा थोड्याच वेळात स्वतःच साफ करतात, मग हात चोळत बसायचं. हे डबडं बदला म्हणून मी भावजींना वर्षभर टोमणे मारले होते. त्यांच्या चिकटपणाने आज त्यांना वाचवलं होतं, निदान वाचवलं असेल अशी आशा होती. अशा डिस्कवर नवं काही लिहायचं नसतं, नुसतं वाचायचं आणि जशीच्या तशी नक्कल दुसरीवर उतरवायची. त्याला उद्याची दुपार होणार होती. तोवर ताईचे सात फोन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादी हाती आली. खोडलेली नावं बऱ्यापैकी वाचता आली. तीनशे बारापैकी दोनशे चौऱ्याहत्तर वाक्यं धडधाकट होती. अडतीस गेली, कायमची. त्यांत 'पाऊस आला का' गेलं, 'शाबास' गेलं, आणि नेमकं 'नाही' गेलं.

त्या अडतिसांसाठी मी शेवटचा उपाय केला. वहीचा नाद सोडायचा आणि एकेक खोली उघडून बघायची. अशाने नावं मिळत नाहीत, तुकडे मिळतात, एक, दोन, तीन असे नुसते आकडे. आणि पूर्वी कधी पुसलेलं, कोणाच्या ध्यानीमनी नसलेलंही वर येतं. मी हेडफोन लावला. खोकला. शिंक. अर्धं वाक्य. माईकला हासडलेली एक सणसणीत शिवी. अडतिसांपैकी काही नाही. मग तेविसावा तुकडा.

"अगं."

चोविसावा. "अगं!" पंचविसावा. "अगं..." आणि पुढे नुसती शांतता. मी मोजत गेले. एकेचाळीस वेळा. मोठ्याने, हळू, रागाने, विचारल्यासारखं. काहींच्या शेवटी घसा बसलेला. एकात "छ्या" म्हणून खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज. प्रत्येक वेळी रेकॉर्ड केलं होतं आणि प्रत्येक वेळी पुसून टाकलं होतं. मी हेडफोन काढला आणि सरळ रडले. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याची डिस्क गेली.

संध्याकाळी दुसरी डिस्क घालून मशीन त्यांच्याकडे जोडून दिलं. आधी वाईट बातमी सांगितली. 'नाही' गेलं म्हटल्यावर ताई म्हणाली, "बरं झालं. आता प्रत्येक गोष्टीला हो म्हणतील." भावजींनी पाटीवर लगेच 'नाही' लिहून तिच्यासमोर धरलं. ती हसली, पण ओठांनीच.

मग मी ते एकेचाळीस तुकडे एकामागून एक लावले. दहाव्यापर्यंत भावजींचे कान लाल झाले, चोरी पकडल्यासारखे. मी थांबवायला हात पुढे केला, तर ताईने तो बाजूला सारून स्वतः थांबवलं.

"एवढं सगळं केलं होतंत," ती म्हणाली. "आणि पुसलंत? वर्षभर मी मनात काय काय म्हटलं तुम्हाला, माहीत आहे?"

भावजींनी पाटी पुसली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग आमच्याकडे फिरवली.

'एकही खरा नाही आला. दार लावलेलं. तू समोर नाही, आतही नाही. कोणाला म्हणू?'

ताईने ते दोनदा वाचलं. डोळे पुसायच्या भानगडीत पडली नाही. मी विचारलं, "यातला कुठला ठेवू? सगळ्यात चांगला निवड, बाकीचे काढते."

"काढायचं नाव काढलंस तर बघ," ती म्हणाली आणि उठून आत गेली. ओट्यापाशी भांडं वाजलं, नळ सुरू झाला.

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी यादी वरखाली केली, एकोणिसाव्यावर थांबले आणि दाबलं.

"अगं!"

आतला नळ बंद झाला.

"आले हो," ताई म्हणाली. "घर डोक्यावर घेऊ नका."