रोशनचा दरवाजा

रोशन गेला तेव्हा वैशाखरे गावातल्या घरामागच्या शेडमध्ये त्याची गाडी अर्धवटच उभी होती. दोन सीटांची, बुटकी, जुनी विलायती स्पोर्ट्स कार, भंगारातून उचललेली. रोशन कल्याणला गॅरेजात डेंटर होता. आठवडाभर लोकांच्या गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा आणि रविवारी हिचे. त्याची बायको समीक्षा त्याला बॅटरीचा उजेड धरायची. मग काविळीचं निमित्त झालं आणि बघता बघता माणूस हातचा गेला.

त्यानंतर तिने शेडची कडी काढली नाही. दुसरा पावसाळा सरल्यावर धाकटा दीर शेखर आत जाऊन आला. तो रोशनच्याच हाताखाली शिकलेला.

"वयनी, अशीच ठेवली तं पत्रा राहायचा नाय. इकायची का नीट करायची, काय ते तुमी सांगा."

"नीट करू," ती म्हणाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी काम सुरू झालं. शेखर सडका पत्रा कापून नवा जोडायचा, वर खड्डे बुजवायला लांबी भरायचा. समीक्षा पॉलिश पेपरने ती घासायची. बोटांची सालं निघाली, पण हळूहळू तळहाताला उंचसखल कळायला लागलं.

ड्रायव्हरकडचा दरवाजा तेवढा रोशनने स्वतः पुरा करून लाल रंगवला होता. शेखरने त्याच्या खालच्या कडेला पेचकस लावला, तो सरळ आत गेला.

"आत गंज तसाच राह्यलाय. कापाया लागंल."

"बाकी सगळं कापा, भावजी. याला हात लावू नका."

शेखर कापायचं मशीन ठेवून हात धुवायला गेला.

गाडी प्रायमरने राखाडी झाली, तो दरवाजा लालच राहिला. एका दुपारी समीक्षा एकटीच त्याच्याजवळ जाऊन बसली. अंगठ्याने दाबलं तर लांबीचा पोपडा सुटून मांडीवर पडला. आत तांबडा भुगा. गंज मागे ठेवणारा माणूस नव्हता रोशन. दुसऱ्याने ठेवला तर चिडायचा. मग तिला तो दिवस आठवला. दरवाजा करताना तो सारखा खाली बसत होता, जेवणही नको म्हणाला होता. 'आज एवढं उरकून टाकू,' म्हणाला होता. तेव्हाच त्याच्या अंगात दुखणं होतं. ती बॅटरी धरून शेजारी उभी होती, आणि उजेड पत्र्यावर होता, त्याच्या तोंडावर नाही.

ती तिथेच बसून पोटभर रडली.

पुढच्या रविवारी तिने शेखरला सांगितलं, "खुणा करून द्या. मी कापते."

शेखरने खडूने रेघ मारली, चष्मा तिच्या हातात दिला आणि दरवाजा दोन्ही हातांनी दाबून धरला. ठिणग्या उडाल्या. सुरुवातीला काप वाकडा गेला, पुढे सरळ. सुटलेला तुकडा तिने उचलला, क्षणभर धरला आणि इतर भंगारात टाकला.

नवा पत्रा बसवून, जोडावर लांबी भरून अख्ख्या दरवाज्याला पॉलिश पेपर मारला आणि तो परत लावला. खाली घासत होता. शेखरने बिजागरी सैल करून पुन्हा आवळली. मग तो नीट लागला.

सासू हौसा चहा घेऊन आली. मुलगा गेल्यापासून ती शेडकडे फिरकली नव्हती. तिने दरवाज्यावरून हात फिरवला.

"ह्यो रोशननं केल्याला ना गो?"

"वरचा त्यांनी," समीक्षा म्हणाली. "खालचा आमी."

म्हातारी खाली वाकली, जोड शोधत राहिली. तिला तो सापडला नाही. शेखर चहा पिऊन प्रायमर कालवायला लागला.