बावीस तासांचे वाल

मुकुल विमानात बसला की इकडे डोंबिवलीत सुमेधाताई कडवे वाल भिजत घालायच्या. सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई साडेतेरा हजार किलोमीटर, दुबईचा थांबा धरून बावीस तास. तेवढ्यात वाल भिजायचे, फडक्यात बांधले की मोड यायचे आणि लेक घरी पोचेपर्यंत सोलून बिरड्याला तयार व्हायचे. एकोणीस वर्षांत हे गणित एकदाही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आठला मुकुलचा फोन आला, "आई, बोर्डिंग चाललंय." ताईंनी लगेच वाल पाण्यात टाकले. दुपारी चारला बेल वाजली, तर दारात मुकुल! अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, सामानाचा पत्ता नाही. वाल अजून पाण्यातच होते.

"आठ तासांत आलास?"

"डायरेक्ट फ्लाइट सुरू झालीये आता, आई."

एवढा मोठा इंजिनिअर, पण थाप मारायची म्हटली की अजून चौथीतलाच. ताईंचं डोकं सणकलं. "डायरेक्ट असली म्हणून पृथ्वी लहान झाली का रे? खरं सांग, कधी आलास?"

मुकुलने मान खाली घातली. "चार दिवस झाले. कोपरीला आहे, हेमांगीच्या माहेरी."

चार दिवस! बायकोच्या माहेरी, इथून अर्ध्या तासावर, जेवूनखाऊन सुखात. आणि वर सकाळी फोन करून बोर्डिंगच्या बाता. ताईंना इतका संताप आला की त्यांनी त्याला आत ये म्हणूनसुद्धा म्हटलं नाही.

"फाईलमध्ये काय आहे?"

टिटवाळ्याच्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म होता. खोली बघून झाली होती, खिडकीसुद्धा निवडून झाली होती. फक्त ताईंची सही बाकी होती आणि ती आज संध्याकाळच्या आत हवी, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार, असा आश्रमातून दुपारीच फोन आला होता. म्हणून साहेब घाईघाईने उगवले होते.

"तू बाथरूममध्ये पडलीस तेव्हा माझी काय हालत झाली माहितेय?" मुकुल म्हणाला. "दर वेळी तिकडून कसा धावत येऊ? आधी सगळं ठरवून मग तुला सांगणार होतो."

"पडले नि उठले. समोरच्या फ्लॅटमधल्या जगनने उठवलं. तू नव्हतास म्हणून मी कधी राग धरला नाही. साडेतेरा हजार किलोमीटर सोसले मी, मुकुल. कोपरी नाही सोसवत."

"आई, प्लीज. सही कर."

ताईंनी चष्मा लावला, फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि कोराच त्याच्या हातात परत दिला.

"या घरातून मी जाईन ती एकदाच. तेव्हा जगन तुला फोन करेल. पोचायला बावीस तास लागतात ना तुला? त्याला आजच सांगून ठेवते, मला न्यायला मुकुलसाठी थांबू नका म्हणून."